तीन दारांची खोली

सुनेने माझ्या घराचं चित्र काढलं आणि त्यात घर कुठेच नव्हतं. भिंती नाहीत, छप्पर नाही, मी भांडून बसवून घेतलेली रंगीत काचांची खिडकी नाही. नुसती वर्तुळं, आणि त्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या रेघा. मी कपबशा पुसत होते. म्हटलं, "हे काय, द्राक्षांचा घड उलटा टांगलाय?" तर म्हणाली, "आई, हे आपलं घर आहे." मी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. या घरात मी लग्न होऊन आले, इथेच म्हातारी झाले, इथल्या कोणत्या फरशीला कुठे टवका गेलाय ते मला अंधारात तळपायाने कळतं. आणि ही बाई मला सांगते, हे आपलं घर.

सून नगररचनेच्या कचेरीत आहे. रस्ता कुठून न्यावा, चौकात बाकं कुठे ठेवावीत, हे ठरवायला पगारी माणसं लागतात हे मला ती या घरात आल्यावर कळलं. तोवर माझी समजूत अशी, की रस्ते पाण्यासारखे आपापली वाट काढत जातात. तर त्यांच्या कचेरीत नवी पोरं-पोरी लागली होती आणि त्यांच्यासाठी हिला एक सोपा पाठ लिहायला सांगितला होता. विषय स्पेस सिंटॅक्स. म्हणजे काय गं, विचारलं, तर म्हणाली, जागांची वाक्यरचना. शब्द एकेकटे असले तर त्यांना अर्थ थोडा, कशाला काय जोडलंय त्यावर वाक्य ठरतं, तसंच खोल्यांचं आणि गल्ल्यांचं. रोज संध्याकाळी कचेरीतून आली की ती लिहिलेलं पान मला वाचून दाखवायची. मी फुशारून एकदा विचारलं, मलाच का? "तुम्हाला कळलं की कुणालाही कळेल," ती म्हणाली. दुसरी कोणी असती तर तिला मी तिथल्या तिथे सोलून काढली असती. पण हिच्यात लबाडी नाही, जे आहे ते तोंडावर. आणि खरंच आहे, माझी शाळा तिसरीतच सुटली, त्या तिसरीतही मी अर्धा वेळ वर्गाबाहेर उभी.

पण पाठ मला आवडायला लागला होता, हे मी तिला कळू दिलं नाही. त्यात लिहिलं होतं की शहर म्हणजे इमारती नव्हेत, इमारतींच्या मधलं रिकामं ते शहर, कारण माणूस भिंतीतून चालत नाही. त्या रिकाम्यात जिथवर नजर सरळ जाते तिथवर एक रेघ ओढायची. वळावं लागलं की दुसरी रेघ. आणि अमुक ठिकाण तमक्यापासून किती खोल, ते पावलांनी मोजायचं नाही, वळणांनी मोजायचं. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझं माहेर इथून लांब, पण सरळ एका रस्त्यावर. मी तिथे ऊठसूट जायची. नणंद मात्र अगदी मागच्या बाजूला राहायची, वाऱ्याची दिशा तशी असली तर तिच्या फोडणीचा वास इथे यायचा, पण तिच्याकडे जायचं तर हे वळा, ते वळा, मग गिरणीमागून पुन्हा वळा. वर्षानुवर्षं माझी समजूत, की मला नणंद आवडत नाही. "अगं, म्हणजे वळणं आडवी येत होती!" मी म्हटलं. सून इतकी हसली की तिच्या हातातलं पेन घरंगळून टेबलाखाली गेलं. "हे मी पाठात घालू?" "घाल. पण ती नणंद माझी होती हे घालू नकोस. अजून ठणठणीत आहे, वळणं घेत येईल इथे."

तर त्या दिवशी ते वर्तुळांचं चित्र. खाली रस्ता, त्यातून एक रेघ वर ओट्याला, ओट्यावरून बैठकीच्या खोलीला, असं रस्त्यापासून जेवढी दारं ओलांडायची तेवढ्या वरच्या रांगेत ते वर्तुळ. दार म्हणजे रेघ. ज्याला जास्त रेघा, आणि जिथून बाकी सगळं जवळ, ते जुळलेलं ठिकाण. तिने मधल्या एका वर्तुळाला लाल रंग दिला. त्याच्यातून कोळ्याच्या पायांसारख्या रेघा निघाल्या होत्या. "ही काकूंची खोली. घरातलं सगळ्यात जुळलेलं ठिकाण. कुठूनही कुठे जा, हिच्यातूनच जावं लागतं." मी म्हटलं, "आणि मी कुठे?" तिने पेनाचं टोपण एका कडेच्या वर्तुळावर टेकवलं. एकाच रेघेने लटकलेलं, फुग्यासारखं. "तुम्ही इथे. टोकाला. एकच दार ना तुमच्या खोलीला." तिने ते सहज सांगितलं, कणकेत मीठ घालावं तसं. पुढचं पान वाचायलाही लागली. मला मात्र पुढचा शब्द ऐकू आला नाही. हातातली बशी मी पुसतच राहिले, कोरडी होऊन कधीची चकचकीत झाली होती.

टोकाला. मी. ज्या घरात माझ्या परवानगीशिवाय कढईत तेल पडत नाही त्या घरात मी टोकाला आणि धाकटी मध्यभागी. धाकटी म्हणजे माझी जाऊ. माझ्यानंतर दोन वर्षांनी आली, एक पत्र्याची ट्रंक आणि एक मवाळ हसू घेऊन. मी थोरली, म्हणून खोली निवडायचा हक्क माझा होता आणि मी तो सोडणाऱ्यातली नव्हते. मी पुढची कोपऱ्याची खोली घेतली. रस्त्यावर उघडणारी खिडकी, भिंतीतलं कपाट, वारा, उजेड आणि एकच दार, आतून लागणारं. उरली ती मधली. मधल्या खोलीला तीन दारं, एक बैठकीकडे, एक स्वयंपाकघराकडे, एक न्हाणीकडे. जिना स्वयंपाकघरातून वर जातो, म्हणजे वर जाणारेही तिथूनच. नव्या नवरीची खोली आणि सासरे खांद्यावर पंचा टाकून तिच्यातून आंघोळीला चाललेत, सासूबाई तांब्या घेऊन, मी कळशी घेऊन. दारं बंद ठेवायची सोय नव्हती, बंद केली तर घरच बंद पडायचं. आम्ही तिला स्टेशन म्हणायचो. "स्टेशनात गर्दी आहे का गं?" मी विचारायचे. धाकटी हसायची आणि ट्रंकेवर सरकून वाट द्यायची. मला तिची कीव यायची. कीव करण्यातही एक सुख असतं, ते ज्याने त्याने आपापलं जाणावं. पुढे सासू-सासरे गेले, माझे गेले, मग तिचे गेले, तिला मूल झालं नाही, मला हा एक मुलगा, आणि खोल्या मात्र होत्या तिथेच राहिल्या, जशा काही त्या हाडामांसाच्या झाल्या होत्या.

आणि हा माझा मुलगा, चष्म्याच्या काचा घासतो. शहरातल्या अर्ध्या माणसांना त्याने सुईत दोरा ओवायला लावलाय, पण मला त्याच्या पोटातलं कधी दिसलं नाही. माझ्याशी त्याचं बोलणं म्हणजे तार. जेवलो. दिवा बदलला. उद्या उशीर. आणि धाकटीच्या दाराशी? तिथे तो तासतास गुणगुणायचा. लहानपणी पाटी फुटली ते तिला आधी कळलं, नोकरी सोडून काचा घासायला लागतो म्हणाला ते तिला आधी कळलं, आणि कळस म्हणजे त्याला लग्न करायचंय, आणि मुलगी ही आहे, हे मला माझ्या जावेने सांगितलं, लोणच्याची बरणी पुसता पुसता. मी आठवडाभर धाकटीशी बोलले नाही. माझ्या मनात ठाम होतं की तिच्या जिभेला साखर आहे, माझ्या लेकाला तिने ती चाटवून वळवलाय. आणि आता सुनेचं वर्तुळ मला सांगत होतं की तिने काही केलंच नव्हतं. बाई नुसती वाटेत बसली होती! ज्याला तहान लागली, ज्याला आंघोळ करायची, ज्याला भूक लागली, ज्याला झोपायला वर जायचं, तो तिच्यासमोरून जाणार. आणि मी एका दाराच्या आत, वाऱ्यात, उजेडात, हाका मारत. हाक मारून आलेला माणूस काय सांगणार? तो येतो आणि विचारतो, "काय?"

मला राग यायला हवा होता, पण आली ती उमेद. कारण जे साखरेने झालं त्याला माझ्याकडे उपाय नव्हता, माझ्या जिभेला साखर लावायची तर कारखाना लागेल. पण जे दारांनी झालं त्याला उपाय होता. आणि उपायाची घाईही होती, कारण गेला महिनाभर मुलगा काहीतरी घेऊन फिरत होता. आईला ते कळतंच, ती टोकाला बसली म्हणून काय झालं. जेवताना त्याने पाणी पेल्याच्या बाजूला ओतलं, पुसलं, हसला नाही. मधल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहायचा, घड्याळाचा पट्टा सैल करायचा, घट्ट करायचा, आत वळायचा, मग कोणीतरी आलं की निघून जायचा. अजून धाकटीलाही सांगितलं नव्हतं, ते मी तिच्या भाजीच्या चवीवरून ताडलं, तिला गुपित कळलं की ती मीठ कमी घालते. म्हणजे आज ना उद्या ते बाहेर पडणार होतं, आणि जो कोणी त्या वेळी त्या खोलीत असेल त्याच्या ओंजळीत पडणार होतं. या खेपेला ओंजळ माझी हवी होती. एकदा तरी. मरायच्या आधी एकदा तरी माझ्या पोराने मला काहीतरी सगळ्यांच्या आधी सांगावं, एवढीच माझी मागणी, आणि ती तोंडाने करायची नव्हती.

रात्रीच्या जेवणाला सगळे बसले तेव्हा मी घसा खाकरला. मी घसा खाकरला की घरात चमचे थांबतात. "धाकटीचं वय झालं," मी म्हटलं. "तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे मी, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "मध्ये बोलू नकोस. तिला वारा हवा, खिडकी हवी. आयुष्यभर स्टेशनात काढलं तिने. उद्यापासून माझी खोली तिची. मी मधल्या खोलीत जाते." सुनेने घास तसाच धरून माझ्याकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांत चक्क पाणी. "आई, किती मोठं मन!" मी मान तुकवली. मोठं मन म्हणाली तर मी कशाला नाही म्हणू, लोक आपणहून देतात ते घ्यावं. मुलगा म्हणाला, "अगं, पण तुला तिथे झोप लागेल का? सगळे येता-जाता..." "येऊ देत," मी म्हटलं, "माझ्या घरातली माणसं मला जड नाहीत." धाकटी ताटाकडे बघत होती. मग म्हणाली, "बरं." इतकंच. आणि तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, ते हसू होतं की घास, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सामान हललं. माझं कपाटभर, तिची तीच ट्रंक. दुपारी जेवणं झाली, मी मधल्या खोलीत पलंगावर टेकले, आणि पुढून एक आवाज आला. खट्. कडी लागल्याचा. साधा आवाज, या घरात मीच तो इतकी वर्षं केलेला, पण बाहेरून कधी ऐकला नव्हता. धाकटीने दार लावून घेतलं होतं. या घरात येऊन तिचे सगळे केस पांढरे झाले, आणि दार आतून लावायची तिची ही पहिली वेळ. मी उठून बसले. मला वाटलं, आता रडेल. कान देऊन ऐकलं. तर काय, बाई गाणं गुणगुणत होती. बेसूर. आम्हा कोणालाच माहीत नव्हतं की तिला गायला आवडतं, आणि बरंच झालं म्हणायचं माहीत नव्हतं ते. संध्याकाळी चहाला हाक मारली तर बंद दाराआडून म्हणाली, "माझा चहा झाकून ठेवा, जाऊबाई, मी पडलेय जरा." माझा चहा झाकून ठेवा! कानामागून आली आणि तिखट झाली.

माझ्याकडे तर राबता सुरू झाला होता आणि मी खुशीत होते. नात धावत आली. "कुठे चाललीस? केस का ओले? हा सदरा कालचाच ना?" सून आली. "इतका उशीर? डबा पुरा खाल्लास का? झाकण दाखव." मुलगा आला. मी सरसावून बसले. "काय रे, काय झालंय? चेहरा का असा? पोट बिघडलंय? कोणी काही बोललं? बस इथे. बस म्हणते ना." तो म्हणाला, "काही नाही, आई, पाणी प्यायला चाललोय." "पाणी प्यायला माणूस असा चालतो?" तो पाणी न पिताच वर गेला. असे तीन-चार दिवस गेले. मग माझ्या लक्षात आलं की खोलीत शांतता आहे. फार शांतता. दारं तिन्ही उघडी आणि त्यांतून नुसता वारा येतोय. मी बैठकीच्या खिडकीशी जाऊन पाहिलं. घराच्या कडेने एक बोळ आहे, ओट्यापासून मागच्या अंगणापर्यंत. तुटकी पिंपं, जुनी शिडी, सासऱ्यांची चाक नसलेली सायकल, असलं काय काय तिथे पडलेलं, मांजरसुद्धा तिथून जाताना विचार करतं. तर त्या बोळातून माझी नात चालली होती, सायकलवर पाय देऊन, तिच्यामागे सून, कचेरीची पिशवी डोक्यावर धरून. अंगणातून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून जिना. मला टाळून! न्हाणीला तेवढा दुसरा रस्ता नव्हता, तर पोरगी तोंडावर टॉवेल टाकून पळत जायची, घरात जसा धूर झालाय. संध्याकाळी पाहते तो मुलगा शिडी उचलून भिंतीला नीट लावत होता. वाट साफ करत होता माझा लेक. स्वतःच्या आईला वळसा घालायला.

मी सुनेला गाठलं. न्हाणीतून निघताना, पर्याय नसलेल्या जागी. "तुझा पाठ खोटा आहे," मी म्हटलं. "काय म्हणालीस तू, मधली खोली सगळ्यात जुळलेली, सगळे तिथूनच जाणार. कुठे जातात?" तिच्या केसांतून पाणी गळत होतं. तिला आधी काही कळलं नाही, मग सगळंच एकदम कळलं. मोठं मन, खिडकी, वारा, सगळं. मला वाटलं आता ही हसणार, आणि हसली तर मी हिला घराबाहेर नाही तरी जेवणाबाहेर काढणार. पण ती खाली माझ्या पलंगावरच बसली, ओली. "आई, मी बोळ धरलाच नव्हता. इतका अडगळीचा, मला वाटलं तिथून कोण जातंय." तिने बोटाने चादरीवर ओली वर्तुळं काढली, बोळाची रेघ ओढली, आणि खरंच, ती रेघ आली तशी मधल्या खोलीची मक्तेदारी गेली. आता दोन वाटा होत्या. "आणि नकाशा एवढंच सांगतो की माणसांना कुठून जाणं सोपं आहे," ती म्हणाली. "तिथे थांबतील का, बोलतील का, ते नाही सांगत. नव्या पोरांना मी हेच समजावणारे दुसऱ्या भागात. आई, हे मी उदाहरण म्हणून..." "घातलंस तर याद राख." "नाव नाही घालणार." "नावाच्या जागी चौकीदार घाल, मला काय."

ती वर गेल्यावर मी बसून राहिले, तिची ओली वर्तुळं वाळेपर्यंत. मग उठले आणि माझ्या, म्हणजे पूर्वीच्या माझ्या खोलीशी गेले. दार बंद. हात वर गेला आणि थांबला. या दाराला मी कधी टकटक केली नव्हती. बोटाची पेरं लाकडावर आपटताना मला पाहुणी आल्यासारखं वाटलं. आतून "कोण आहे?" "मी." "मी कोण?" "आता उघडतेस की दार काढून घेऊ?" कडी निघाली. धाकटी खिडकीशी बसली होती, पाय उशीवर, समोर रस्ता वाहत होता. मला जागा करून द्यायला सरकली नाही. मी स्वतःच पायथ्याशी बसले.

"छान आहे हो ही खोली," ती म्हणाली. "एवढी वर्षं तुम्ही एकट्यानेच वापरली."

"तुझी झाली ना आता. ऐक. तो तुझ्याकडे येतो का? बोलला काही?"

"तुमचा लेक? नाही. एकदा दाराबाहेर पावलं वाजली. थांबली. गेली." तिने उशी पायाखाली नीट सरकवली. "दार वाजवून यावं लागलं की माणूस म्हणतो, राहू दे. पूर्वी तो पाण्याला निघालेला असायचा, जाता जाता टेकायचा. आता मुद्दाम यावं लागतं. मुद्दाम येण्याइतकं मोठं काही असतं का कोणाचं?"

"मग माझ्याकडे का नाही टेकत? मी तर वाटेत बसलेय."

"तुम्ही जकात नाका उघडलाय, जाऊबाई. 'थांब, दाखव, काय आहे पिशवीत.' त्यापेक्षा तो बोळातून बरा."

"आणि तू काय करायचीस?"

"काही नाही. हातात उसवलेलं काहीतरी असायचं. मी मान वर करत नसे. तो यायचा, पलंगाच्या काठावर बसायचा आणि पायजम्याशी बोलायचा."

"पायजम्याशी?"

"मी शिवत असायचे त्या. माझ्याशी बोललाच नाही कधी, तुम्हाला काय वाटलं? त्याला वाटायचं मी ऐकत नाहीये."

मग आम्ही दोघी हसलो. पोट धरून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात पदर घालून, नव्या सुना असताना सासूबाईंच्या घोरण्याला हसायचो तशा. हसू ओसरल्यावर मी म्हटलं, "खोल्या परत बदलू या." धाकटीने डोळे पुसले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. मवाळ बिवाळ काही नव्हतं तिथे. "छे हो," ती म्हणाली. "मी कुठे देते! मला अजून पुरतं गाणं म्हणून झालं नाही."

त्यानंतर मी काय केलं, तर काहीच केलं नाही. काहीच न करणं हे किती कष्टाचं काम आहे ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. मी बोळ बंद करू शकले असते, एक कुलूप आणि दोन शिव्यांचं काम. नाही केला. शिवण मला येत नाही, माझा टाका म्हणजे कुंपणाची तार. म्हणून मी भाजी निवडायला घेतली, मधल्या खोलीत, पलंगावर. कोणी न्हाणीकडे गेलं तर जाऊ दिलं. नात टॉवेल टाकून पळाली, मी पालेभाजीच्या काड्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी टॉवेल खांद्यावर आला. मग एकदा ती परत येताना दारात रेंगाळली, जणू जकात घ्यायला कोणीच नाही म्हणून तिलाच चुकल्यासारखं झालं. सून एका संध्याकाळी विसरून बैठकीतून सरळ आली आणि मध्यावर आल्यावर दचकली. तिचा डबा पिशवीत खडखडला. भरलेला डबा खडखडत नाही, म्हणजे खाल्ला होता. न विचारता कळलं. जिभेवर मात्र फोड आल्यासारखं व्हायचं मला. दिवसभरात न बोललेले शब्द रात्री उशीखाली टोचायचे.

मुलगा आला तो रविवारी, सकाळी. मी मटार सोलत होते. पावलं बैठकीतून आली, माझ्या दाराशी थांबली. घड्याळाचा पट्टा वाजला. मी शेंग उचलली, शीर ओढली, दाणे पातेल्यात पाडले. वर पाहिलं नाही. माझी मान वर न होण्यासाठी मी जेवढी ताकद लावली तेवढीत विहीर खणून झाली असती. पलंगाचा काठ खाली दबला. बराच वेळ नुसते दाणे पडल्याचा आवाज.

"उजव्या डोळ्यापुढे पडदा आलाय," तो मटारांना म्हणाला.

माझ्या तोंडात एकदम किती वाक्यं आली! अरे मेल्या, लोकांना चष्मे देतोस. किती दिवस. बायकोला का नाही सांगितलं. तरी मी म्हणत होते. मी ती सगळी एकामागून एक गिळली, बियांसकट. "हं," म्हटलं.

"मोतीबिंदू. वयाआधीच आलाय म्हणे. काढून टाकतात, काही नसतं त्यात. मीच गिऱ्हाइकांना सांगतो, काही नसतं त्यात." मी शेंग सोलली. "त्यांना सांगताना काही वाटत नाही. पण ते डोळ्याला हात लावणार, आणि मी जागा असणार." त्याचा आवाज पाटी फुटल्यावर येत असेल तसा आला. मला माहीत नाही, ती पाटी मला नंतर कळली होती. "हिला सांगितलं नाही अजून. ती नकाशे काढून समजावेल मला. गुरुवारी बोलावलंय. तू येशील, आई?"

"येईन," मी म्हटलं. इतकंच. मटारांना.

तो उठला नाही. माझ्याजवळ सरकला, आणि ढिगातून एक शेंग त्यानेही घेतली. नखाने फोडली, दाणे सालांच्या ढिगात टाकले आणि सालं पातेल्यात. मग दुसरी घेतली, तशीच. तिसरी. मग तो मला गुरुवारी कुठली बस धरायची ते सांगायला लागला, आणि मी एक शब्द बोलले नाही.